पिवळ्या पायांचा पाहुणा

सकाळी मातार जोब माझ्या अंगणावरून खाडीकडे निघाला की मी त्याला हाक मारून चार शब्द ऐकवते. रोज. एकही दिवस चुकत नाही.

"काय रे जोब, बायकोच्या वाटचा भात संपवलास का? की पातेलंही चाटून आलास?"

तो गळ्यातली दुर्बीण सारखी करत, न थांबता म्हणतो, "न्जाय, तू माझ्या आजोबांची गुलाम. गुलामानं मालकाचं पातेलं बघू नये, घासावं."

झालं. मग दोघांचा दिवस सुरू. न्जाय आणि जोब या दोन घराण्यांचं हे असंच चालतं, आमच्या आजे-पणज्यांपासून. कुठल्याही न्जायनं कुठल्याही जोबला काहीही बोलावं, भर बाजारात, मशिदीच्या दारात, अगदी मयताच्या घरीसुद्धा, आणि समोरच्यानं राग धरायचा नाही. आणि एकदा का न्जायनं हक्कानं काही मागितलं, की जोबनं नाही म्हणायचं नाही. उलटही तसंच. मागून घेतलेलं परत मात्र कोणी देत नाही, ती खरी गंमत. दहा वर्षांची असताना मी त्याचा ईदचा नवा सदरा असाच मागून घेतला होता. बिचारा उघड्या अंगानं घरी गेला, आणि त्याची आई त्याला मारायचं सोडून हसत बसली. त्या सदऱ्याची मी बाहुलीला दुपटी केली. त्याला वाटलं असतं तर माझी शेळी मागता आली असती. पण मागणं त्याला कधी जमलंच नाही.

मी सोहना न्जाय. कापडं रंगवते. बांधणी आणि मेणाचं काम, आमच्या सबंध केर दोदू गावात माझ्यासारखा पिवळा रंग कोणाला साधत नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगायच्या आत त्यांची तोंडं कालवं खाण्यात गुंतलेली असतात.

मातार पक्षी दाखवतो. हाच त्याचा धंदा. हिवाळा लागला की खाडीच्या चिखलात युरोपातून पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तूबाब. गोरे लोक, उन्हानं लाल झालेले, टोप्या घातलेले, हातभर लांबीच्या दुर्बिणी घेतलेले. मातारची आई तिवरांच्या मुळांवरून कालवं तोडायची. तो तिच्याबरोबर चिखलात बसून मोठा झाला, आणि बसल्या बसल्या त्याला पक्षी कळायला लागले. एका म्हाताऱ्या तूबाबनं जाताना त्याला आपला जुना कॅमेरा दिला. तेव्हापासून तो बायकोपेक्षा त्या कॅमेऱ्यालाच जास्त पुसायचा. मारेम, म्हणजे त्याची बायको, हे माझ्यासमोर बोलून दाखवायची, मी ते गावभर करावं म्हणून. मी करायचे.

एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. समोर चिखल, चिखलात शंभरभर पक्षी, सगळे राखाडी, सगळे चोच खुपसून उभे.

"हे सगळे एकच आहेत रे," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी सगळे जोबही एकच आहेत." तो हसला. "तो चिखल्या. तो पाणलावा. तो उंच, किंचित वर वळलेल्या चोचीचा, तो हिरव्या पायांचा तुतवार. आधी पाय बघायचे, मग चोच. आणि तरी नाव घ्यायचं नाही. उडेपर्यंत थांबायचं. उडाला की पाठ दिसते. बसलेल्या पक्ष्यावर विश्वास ठेवू नकोस, न्जाय."

इतका पक्का माणूस. म्हणून तर सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. राखीव पाणथळाची हद्द तेव्हा पुलापाशी संपायची. पुलाच्या अलीकडची खाडी, आमची, कशातच नव्हती. शहरातला कोणी बडा माणूस तिथे भराव घालून हॉटेल बांधणार अशी बोलवा होती, माणसं येऊन खुंट्याही ठोकून गेली होती. कालवंवाल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि जानेवारीत एका सकाळी मातार धावत गावात आला. धावत! जन्मात मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं.

तिवरांच्या मागच्या डबक्यात त्याला एक तुतवार दिसला होता, पिवळ्याधमक पायांचा. तसा तो अमेरिकेत असतो म्हणे, इकडे कधी काळी एखादा वाऱ्यानं भरकटून येतो. मातारनं फोटो काढला आणि राखीवच्या कचेरीत पाठवला. दोन दिवसांत चाळीस तूबाब. डबक्यापासून लांब, ओळीनं तिकाट्या मांडून बसले होते. पक्षी आपला पाण्यात उभा, उडायचं नाव नाही. चौथ्या दिवशी पहाटे मातार एकटाच तिथे असताना तो उडून गेला, पण तोवर आमच्या खाडीचं नाव कुठल्या कुठे पोचलं होतं. वर्षभरात हद्दीची रेघ पुलाच्या अलीकडे आली. खुंट्या उपटल्या गेल्या. खाडीकाठी लाकडी लपण बांधलं, आत बसून पक्षी बघायला. शेजारी बायकांसाठी दुकान, त्यात माझी कापडं. गावानं मातारचं नाव ठेवलं पिवळपाया.

आणि त्याच वर्षात मातार वाळला. मारेम म्हणायची, ताट तसंच परत येतं. कॅमेरा त्यानं उतरंडीमागे नेऊन ठेवला. तूबाबांना फिरवायला जायचा, पण दुर्बीणच घेऊन. मला वाटलं, पोट बिघडलं असेल, नाहीतर प्रसिद्धी डोक्यात गेली असेल. मी प्रसिद्धीवरूनच त्याला सोलून काढत होते.

लपणाच्या उद्घाटनाला कचेरीतले साहेब आले, भाताची मोठाली पातेली चढली. दारावर मोठी पाटी, तिच्यावर मातारनं काढलेला तो फोटो, पिवळे पाय आणि पाण्यात त्यांची सावली. आमच्या गावचे आल्कालो, गावप्रमुख, भाषण संपवून म्हणाले, "आता जोबबद्दल दोन शब्द न्जायनं बोलावेत. नाहीतर जोबला अन्न पचायचं नाही."

मी उठले. आदल्याच दिवशी रंगवायला बसले होते, हात मनगटापर्यंत पिवळे. मी ते वर धरले.

"अहो पाव्हणे, फसू नका! तो पक्षी कसला अमेरिकेचा? तो माझ्या पिंपातून आलाय! हे बघा माझे हात. मीपण अमेरिकेची! माझीही पाटी लावा!"

काय हशा पिकला! आल्कालोंच्या हातातला चहा सांडला. मीही हसत होते, आणि हसता हसता मातारकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा. तो उभा राहिला.

"ती खरं बोलतेय," तो म्हणाला. "पाय रंगलेले होते. तो आपला रोजचाच होता, हिरव्या पायांचा. मी चुकलो."

मग आधीच्या दुप्पट हशा. जोबनं न्जायपुढे भर सभेत हार मानली! असं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"वल्लाही, अल्लाची शपथ, मी खरं सांगतोय!" तो ओरडला.

"वल्लाही म्हणतोय रे, वल्लाही!" आल्कालो डोळे पुसत म्हणाले. कचेरीतल्या साहेबांना आमची भाषा येत नव्हती. त्यांनी शेजारच्याला विचारलं, आणि शेजारच्यानं सांगितलं, काही नाही साहेब, यांचं हे चेष्टेचं नातं आहे. साहेबांनीही मान डोलावून टाळ्या वाजवल्या.

मातार खाली बसला. त्याच्या ताटात कोणीतरी मासा वाढला, तो त्यानं खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या अंगणात आला तो कॅमेरा घेऊन. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आज नको. आज फक्त बघ."

त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर एक फोटो आणला. तोच पक्षी, पंख उघडून उठलेला, पाय लोंबते. पाठीवर खांद्यांपर्यंत पांढरा पट्टा, सुरीनं कापल्यासारखा टोकदार.

"अमेरिकेच्या पक्ष्याची पाठ काळपट असते. पांढरं फक्त शेपटीपाशी. हा आपला आहे. आणि पाय नीट बघ. गुडघ्यापर्यंत पिवळे. वर?"

वर हिरवट होते. जिथवर पाणी, तिथवर पिवळे.

विहिरीजवळ रंग ओतायला आल्कालोंनी बंदी केली होती. मग मी काय करायचे, ओहोटीला पिंप ढकलत तिवरांच्या मागे न्यायचे आणि तिथल्या डबक्यात रिकामं करायचे. कोणाला दिसू नये म्हणून. कोण येतंय तिथे, चिखलात!

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"आठवडाभरानं. फोटो मोठा करून बघताना. तोवर सगळीकडे झालं होतं." तो खाली बघत होता. "मी उडेपर्यंत थांबलो नाही, न्जाय. खुंट्या दिसत होत्या समोर. मला तो पिवळ्या पायांचाच हवा होता."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. कोणाचं काय बिघडलं?" आणि तो माझ्याकडे असं बघत राहिला की मी समोरचं कापड उचललं आणि धोपटायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात हिल्दे आली. पन्नाशीची तूबाब बाई, केस कापलेले, चिखलात सरळ अनवाणी उतरायची. आमच्याकडच्या पाणपक्ष्यांचं ती पुस्तक करत होती. तिनं मातारला विचारलं, त्या दिवसांतले सगळे फोटो मिळतील का, उडतानाचा असेल तर फारच बरं.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उजळला होता. किती दिवसांनी! शेगडीवर चहा चढला होता, त्यानं स्वतःच ग्लासातून ग्लासात ओतून फेस काढला.

"तिला देणार आहे कॅमेऱ्यातलं कार्ड, उडतानाच्या फोटोसकट," तो म्हणाला. "ती हसणार नाही, न्जाय. तिला आपलं नातं माहीत नाही. मी सांगेन आणि ती ऐकेल. बस, एवढंच पाहिजे मला. कोणीतरी ऐकायला पाहिजे."

"आणि मग?"

"मग तिच्या पुस्तकात तो पक्षी नसेल."

"आणि आमच्या खाडीत हॉटेल असेल! रेघ त्या पक्ष्यासाठी सरकली, गाढवा. दुकान त्याच्या नावावर. मारियामा, येर, सगळ्या बायका कालवं कुठे काढतील, हॉटेलच्या न्हाणीत? आणि रंग कोणी ओतला हे विचारलं तर? माझं नाव सांगशील?"

"नाही सांगणार."

"तुला खोटं बोलता येत नाही, मला माहीत आहे. वर्षभर खोटं पचत नाही म्हणून तू असा झालायस!"

हे बोलले आणि मला वाटलं, इथेच थांबावं. थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी घाबरले होते आणि घाबरले की मला राग येतो. मी हात पुढे केला.

"जोब. मी न्जाय आहे आणि तुझ्याकडे मागतेय. ते कार्ड मला दे."

तो ग्लास खाली ठेवायचा विसरला. "चेष्टा करतेस?"

"चेष्टाच. आपल्यात दुसरं काय असतं?"

"सोहना," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. "हे नको मागूस. काहीही माग. घर माग."

"मला घर नको. कार्ड दे."

चहा कडू झाला. मग त्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि ते नखाएवढं कार्ड माझ्या पिवळ्या तळहातावर ठेवलं. त्याला नाही म्हणता आलं असतं. कोणी बघत नव्हतं. पण तो जोब होता, आणि अशा गोष्टीत जोब माणूस फार सरळ असतो.

हिल्देला त्यानं सांगितलं, उडतानाचा फोटो नाही. पुस्तक छापून आलं, त्यात आमच्या खाडीचं नाव आहे. त्याची प्रत लपणात साखळीनं बांधून ठेवली आहे.

तेव्हापासून मातार त्या लपणात अडकला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. रोज सकाळी जातो, फळीवर बसतो. तूबाब येतात, विचारतात, तो पिवळ्या पायांचा कुठे दिसला होता? हा बोट दाखवतो. परत येईल का? सांगता येत नाही, म्हणतो. दक्षिणेकडच्या मोठ्या राखीवातून त्याला बोलावणं आलं होतं, राहायला घरासकट. गेला नाही. मारेम चिडली, महिनाभर बोलली नाही. मला म्हणाली, तू सांग त्याला, तुझं ऐकतो. मी काय सांगणार! तिथेही हेच म्हणाले असते, हा बघा तो माणूस.

मी डबक्यात रंग ओतणं कधीच सोडलं. घरामागे खड्डा खणून घेतला, वाळू भरली. फार उशीर झाला, पण खणला. टोमणे मात्र सोडता आले नाहीत. मध्यंतरी चार दिवस मी गप्प राहिले, तर पाचव्या दिवशी आल्कालो स्वतः अंगणात हजर. "तुम्हा दोघांत काय वाईट झालंय का? गावाला बरं नाही हे." मग पुन्हा सुरू केलं. भात, पातेलं, गुलाम. तोही उत्तर देतो. ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

आणि आता या जानेवारीत.

सकाळचे आठ झाले असतील. मातार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, माझ्या अंगणात. धापा टाकत होता.

"रंग कुठे ओतलास?"

"काय?"

"रंग, रंग! काल, परवा. डबक्यात ओतलास?"

"अरे मी आता—"

"तिथे एक उभा आहे. पिवळ्या पायांचा. वरपर्यंत पिवळा."

"वल्लाही, जोब, मी नाही ओतला. दोन महिने पिवळा रंग घरात नाही. निळं काम चालू आहे. हे बघ." मी हात दाखवले. निळे, कोपरापर्यंत.

तो माझ्या हातांकडे बघत राहिला आणि मग हसला. ते हसू मला अजून आठवतं. "पिवळ्यावर निळा चढवलास. शहाणी आहेस."

"आईची शपथ!"

"तू न्जाय आहेस. माझ्यासमोर तू कधी खरं बोललीयस?"

"मग थांब ना तिथे! उडू दे त्याला. पाठ बघ. तूच सांगितलं होतंस."

"मला नाही बघायची पाठ," तो म्हणाला, अगदी हळू. "एकदा बघितली." त्यानं खिशातली वही काढली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. मला इंग्रजी वाचता येत नाही. त्यानंच वाचून दाखवलं. हिरव्या पायांचा तुतवार, एक. मग वही मिटून तो घरी गेला.

मी हातातलं कापड तिथेच टाकलं आणि तिवरांकडे पळाले. माझं वय पळायचं नाही. डबक्यापाशी चिखलात गुडघे टेकून बसले. तो होता. चालता चालता पाणी ढवळत होता, पाय मांडीपर्यंत पिवळे, आणि डबक्यातलं पाणी स्वच्छ, तळाचा चिखल दिसेल असं. मी दुर्बीण नेली नव्हती, लागलीही नाही. भरतीचं पाणी आत शिरायला लागलं. मी श्वास धरून बसले. आणि तो उडाला, अगदी माझ्या डोक्यावरून वळून, तीन वेळा ओरडला आणि पाठ दाखवून गेला.

काळपट होती. मानेपासून खालपर्यंत काळपट, पांढरं फक्त शेपटीपाशी, रुमालाएवढं.

मी तशीच चिखलासकट घरी गेले, रंगाच्या डब्यात चिंधीत बांधून ठेवलेलं ते कार्ड काढलं आणि मातारच्या दारात उभी राहिले. अंगणात मारेम आणि चार-पाच बायका शेंगदाणे सोलत होत्या. तो आत झोपला होता, भिंतीकडे तोंड करून.

"जोब!" मी ओरडले. "मी पाहिला! उडाला माझ्यासमोर. पाठ काळपट होती. खरा होता रे, या वेळी खरा होता! ऊठ, कॅमेरा काढ, भरती उतरली की परत येईल!"

आतून आवाज आला. "न्जाय, ओरडू नकोस. पातेलं अंगणात आहे, घासून ठेव."

बायका खो खो हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचंच असेल असं त्यांना वाटलं. मी कार्ड धरलेला हात आत लांब केला.

"हे घे. तुझ्याकडून मागून घेतलेलं. परत देतेय मी. ऐकतोयस का? परत देतेय."

तो वळला नाही. मारेमनं पोट धरलं, शेंगदाणे सांडले.

"ऐका गं बायांनो," ती म्हणाली, "न्जाय जोबला परत देतेय म्हणे! आधी तो ईदचा सदरा आण म्हणावं!"